मांगरातला चाबूक

मुलगी आठ महिन्यांची असताना माझ्या छातीत क्षय निघाला. पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. मिरजेला नेऊन डाव्या बाजूच्या काही बरगड्या काढल्या आणि तिथून मला मालवणला सासरी न पाठवता देवगडच्या आतल्या अंगाला, माहेरी, आणलं. तेही घरात नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर, काजूच्या बागेत, आमचा मांगर होता. गवत आणि अवजारं ठेवायची मातीची खोली. वडिलांनी ती सारवून, चुना लावून दिली. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. थुंकीची तपासणी साफ येईपर्यंत मुलीला जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती सासरी, थोरल्या जावेच्या ओटीत.

येताना मी तिचं एक झबलं चोरून आणलं होतं. आईला ते उशीखाली सापडलं. तिनं ते भीतीपोटी उकळत्या पाण्यात टाकलं आणि वाळवून, घडी करून परत ठेवलं. त्याला आता कसलाच वास येत नव्हता. मी दोन दिवस जेवले नाही.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. दोन्ही खांदे हलते ठेवायचे, नाहीतर अंग एका बाजूला कलेल. भिंतीला हात टेकवून वर वर न्यायचा, रोज. मला त्याचा जीवघेणा कंटाळा यायचा. वडील संध्याकाळी दाराबाहेर दगडावर बसून बघायचे. एकदा ते उठले, आत आले आणि खुंटीवरचा आपला जुना चाबूक काढून माझ्यापुढे धरला.

"भिंत कशाक ढकलतंस? ह्यो घे."

ते पूर्वी आंब्याच्या पेट्या बैलगाडीतून देवगड बंदरावर न्यायचे. रस्त्यावर लॉऱ्या आल्या आणि गाडी परसात पडून राहिली. चाबूक तेव्हापासून खुंटीला होता. वेताची मूठ, चामड्याची वीण, आणि टोकाला घायपाताच्या वाखाची बारीक शेपटी. वाख कुजला होता, तो त्यांनी मांडीवर नवा वळून बांधला.

बागेच्या वरच्या अंगाला मोकळा सडा होता, काळा कातळ. तिथं उभं राहून मी पहिल्यांदा चाबूक फिरवला तो माझ्याच पाठीवर बसला. दुसऱ्यांदा कानावर. वडील हसले. मी घरी आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

"जोर करू नको गो. बैलाक मारूचो नाय, नुसतो वाजवचो. हात वर ने, आणि सोडून दी. पुढचा तो बघता."

"वाजणा नाय पण."

"वाजतलो. तुका घाई आसा, तेका नाय."

अकरा दिवस वाजला नाही. बाराव्या दिवशी हात सहज वर गेला, मनगट वळलं आणि डोक्यावर फट्ट झालं. समोरच्या डोंगरावरून तोच आवाज परत आला. मी घाबरून चाबूक टाकला आणि मग दोघंही खूप हसलो. हसताना डावी बाजू दुखली.

त्यानंतर सकाळी ऊन चढण्याआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी सड्यावर जायची. आधी उजव्या हातानं, मग हळूहळू डाव्यानंही. चाबूक वाजवताना दुसरं काही सुचत नाही. लक्ष इकडेतिकडे गेलं की तो कानावर येतो. दिवसभर माझ्या डोक्यात एकच चाललेलं असायचं: आता ती उठली असेल, आता तिला न्हाऊ घालत असतील. सड्यावर तेवढा वेळ ते थांबायचं. चाबूक खाली ठेवला की पुन्हा सुरू.

दीड वर्षानं यजमानांचं कार्ड आलं, मुलीला लांबून दाखवायला आणतो म्हणून. त्या दिवशी मी हिरवं लुगडं नेसले, आईनं पाठमोरं बसवून वेणी घातली. ती दोघं बागेच्या गडग्यापलीकडे उभी राहिली, मी अलीकडे वीस पावलांवर. दगडांचा तो गडगा कमरेएवढाही नव्हता.

"बघ, आई," यजमान तिला म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या धोतरात तोंड लपवलं. "ती आई नाय. आई घराक आसा."

यजमानांनी मान खाली घातली. वडील गडग्याशी उभे होते, ते हळूच म्हणाले, "बाये, वाजव."

मी वाजवला. तिचं डोकं धोतरातून बाहेर आलं.

"आणखी!"

मी पुन्हा वाजवला. ती टाळ्या पिटून नाचायला लागली. तिचे दात मी पहिल्यांदाच बघत होते. मी वाजवत राहिले, किती वेळा ते आठवत नाही. शिवलेली बाजू ओढायला लागली, वडील "पुरे" म्हणाले, तरी थांबले नाही. थांबले असते तर ती गेली असती. शेवटी तीच कंटाळली, घरी चला म्हणाली. त्यांना कणकवलीची गाडी गाठायची होती. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

आणखी वर्षभरानं तपासणी साफ आली आणि मी सासरी गेले. मुलगी मला "फट्टवाली" म्हणायची. जाऊबाई तिला दटावायच्या, "आई म्हण, आई." मी म्हणायची, राहू दे. पुढे ती माझ्याकडे आली, वेणी घालून घ्यायला, पाढे म्हणायला. पण आई त्याच राहिल्या. मला ती बाय म्हणायला लागली, अजून म्हणते.

चाबूक मी माहेरीच ठेवला होता. सासरची घरं एकमेकांना खेटून. सुनेनं अंगणात चाबूक वाजवला असता तर गावभर झालं असतं. संध्याकाळ झाली की खांदा उगाच हलायचा. ज्या मांगरात मी मुलीसाठी रडले, त्याच मांगराची, कातळावर बसलेल्या वडिलांची मला इथं आठवण यायची, हे कुणाला सांगणार? वडील एकदा काजूगर घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, "वाजवतंस ना गो?"

"खंय वाजवू, बाबा?"

त्यांनी काजूगरांची पुडी माझ्या हातात ठेवली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

दुपारी जाऊबाई आणि मी फणसाच्या आठळ्या सोलत बसायचो. मी त्यांना लेकीबद्दल विचारायची, "वयनी, ती पयली चलली ती खंय?" त्या न कंटाळता सांगायच्या: मागल्या दारी, त्यांचा पदर धरून, पाऊस पडत होता, चार पावलं टाकून बसली. पुढच्या खेपेला मी पुन्हा विचारायची. एकदा त्यांनी सांगितलं, तुळशीपाशी चालली, ऊन होतं. मी त्यांना अडवलं नाही. आठळी सोलत ऐकत राहिले.