माझा आरसा, तिचा पाठ

समोरच्या इमारतीतल्या बाईंना कणकेची परात घासून खिडकीत उभी करून ठेवायची सवय आहे. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ऊन त्या परातीवर येतं आणि तिथून थेट माझ्या बैठकीच्या भिंतीवर. भाकरीएवढा कवडसा. कॅलेंडरच्या खालून तो निघतो, हळूहळू घड्याळाकडे सरकतो आणि मी दुसरा चहा संपवेपर्यंत दाराच्या चौकटीवर जाऊन विरतो. इतकं निरुपद्रवी दृश्य, पण ते पाहताना माझ्या पोटात एक जुनी जळजळ उठते. पित्त नव्हे, पित्तावर गोळी मिळते. हा हेवा आहे, चांगला पन्नास वर्षांचा मुरलेला. तुम्हालाही आयुष्यात कुणाचा तरी असा हेवा वाटला असेलच. आपण तो कबूल करत नाही, एवढंच.

मी तेव्हा कर्जतला डी.एड. करत होते. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. अध्यापक विद्यालयाच्या कौलारू इमारतीत आम्ही तीस-बत्तीस भावी बाई आणि गुरुजी हाताला खडू लावून फिरत असू, आणि त्या साऱ्यांत माझे तक्ते पहिले होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही. माझ्या अक्षराला वळण होतं, रेघ मारायला मला पट्टी लागत नसे, आणि फ्लॅनेलच्या फळ्यावर मी चिकटवलेला बैल पोरांना हंबरेल असं वाटायचं. पाठ झाला की माझं टाचण इतरांना नमुना म्हणून दाखवलं जाई. त्या काळात शिकवण्याची साधनं म्हणजे तक्ता, नकाशा, खडू आणि आपली जीभ. ही चारही माझ्या ताब्यात होती आणि मी सुखात होते.

मग दुसऱ्या वर्षी विद्यालयात प्रोजेक्टर आला. हिरव्या पत्र्याचं, पुढे भिंग असलेलं एक यंत्र आणि डब्यांत गुंडाळलेल्या चित्रांच्या पट्ट्या. साधनांचा विषय शिकवणाऱ्या सरांनी ते टेबलावर ठेवलं, माहितीपत्रक तीनदा वाचलं, पट्टी घातली, दिवा लावला, आणि भिंतीवर एक ताडाचं झाड शेंड्यावर उभं राहिलं. सर पुन्हा माहितीपत्रकात शिरले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, पुढे आली आणि म्हणाली, "सर, पट्टीच उलटी घाला की. मंग चित्र सुलटं येल." सरांनी घातली. झाड सरळ झालं. वर्ग हसला, सर हसले, मी हसले नाही.

ती जवळच्या कडाव गावची. भातशेती आणि दोन म्हशींच्या घरातली, सावळी, उंच, चालताना बांधावरून चालल्यासारखी तोल सांभाळत चालणारी. वर्षभर आमच्याच वसतिगृहात होती, जिथे राहणं माझ्यासारख्या कर्जतच्या मुलींनाही सक्तीचं होतं, पण माझ्या लेखी ती नव्हतीच. तिचं अक्षर कोंबडीचे पाय, तक्त्यावरचा शिवाजी ओळखायला खाली नाव लिहावं लागे. त्या दिवसापासून मात्र यंत्राची किल्ली तिच्याकडे राहू लागली. कुठला स्क्रू सैल आहे, दिवा किती वेळ चालू ठेवायचा, पट्टीला बोटांचा घाम लागला तर कशाने पुसायचं, हे सर तिला विचारू लागले. शिकवलं कुणी? कुणीच नाही. ती यंत्राला भीत नव्हती, एवढंच. आणि मी भीत होते. तिने पाच मिनिटांत भिंतीवर आणलेलं धरण पाहताना मला माझा धरणाचा तक्ता आठवे, चार रात्री जागून रंगवलेला, आणि डोळ्यांत पाणी येई. मैत्रिणी म्हणत, "काय सुरेख दिसतंय ना?" मी म्हणे, "अंधारात सगळंच सुरेख दिसतं."

वार्षिक पाठ जवळ आले. बाहेरून परीक्षक येत, दोन दिवस पाठ बघत, आणि त्या गुणांवर वर्षाचा निकाल ठरे. पहिल्या नंबराला मान होताच, पण खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या विद्यालयाला जोडलेल्या सराव शाळेत, कर्जतच्या भर वस्तीत, एक जागा रिकामी होत होती आणि ती पहिल्या येणाऱ्याला द्यायची असा तिथला शिरस्ता होता. बाकीच्यांच्या नशिबी डोंगराच्या कडेची एकशिक्षकी शाळा. माझे वडील नुकतेच निवृत्त झाले होते, आई सतत आजारी, मी एकुलती एक. मला कर्जत सोडायचं नव्हतं. ती जागा मला हवी होती आणि ती माझीच आहे असं मी धरून चालले होते.

कुणी कुठल्या शाळेत पाठ द्यायचा याच्या चिठ्ठ्या निघत. मला कर्जतची शाळा निघाली. तिला निघाली खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याची एक शाळा, जिथे वीज पोचलेलीच नव्हती. मी चिठ्ठी वाचली आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला. आता कसला प्रोजेक्टर! आता हिलाही खडू आणि जीभ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीत आली आणि भिंतीवरच्या आरशाकडे बघत उभी राहिली. चांगला हातभर आरसा होता माझा, शिसवी चौकटीचा, आईने दिलेला.

"आमची मागची खोली निस्ती काळोखी हाय," ती म्हणाली. "आई काय करते, परात घासून मागल्या दारात उनात लावते. त्याचा उजेड आत पडतो, मंग तांदूळ निवडाय बसतो आमी. तसंच केलं तर? दिवा काडायचा मशिनीतला, आन् त्या जागी उनाचा झोत सोडायचा. आरसा देशील गं?"

नाही म्हणायला मला एकही कारण सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही करून पाहिलं. खिडकीला पुठ्ठा, पुठ्ठ्याला भोक, बाहेर माझा आरसा, आत तिचं यंत्र. भिंतीवर चित्र आलं, आणि विजेपेक्षा लख्ख आलं. पण ऊन सरकतं. दर मिनिटाला आरसा केसभर फिरवावा लागे, नाहीतर झोत भोकातून निसटे. कुणीतरी बाहेर बसून तो सारखा धरायला हवा होता.

"तूच धर," ती म्हणाली. "तुज्यासारका हात कुनाचा नाय. पट्टीबिगर रेघ मारतेस तू."

तक्त्यांसाठी कमावलेला माझा हात तिला अशा कामासाठी आठवावा! आणि तरी, हे सांगताना अजून लाज वाटते, त्या एका वाक्याने मी क्षणभर सुखावलेही होते.

माझा पाठ आदल्या दिवशी झाला. परीक्षक माझ्या तक्त्यांकडे पाहून "नीटनेटकं आहे" म्हणाले. नीटनेटकं! घर झाडल्यावर म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने आणि पुढे पायी त्या शाळेत पोचलो. माघाचं स्वच्छ ऊन होतं. खिडक्यांना गोणपाटं बांधली, एकीला तो भोकाचा पुठ्ठा लावून आत यंत्र मांडलं, दार लावलं, मुलं आत अंधारात बसली, मागे परीक्षक आणि आमचे सर. मी भिंतीबाहेर एका उलट्या घमेल्यावर, मांडीत आरसा घेऊन. पाठाचा विषय होता समुद्र. आमचा जिल्हा ओळखला जायचा तो समुद्रातल्या किल्ल्यावरून, पण तिथल्या एकाही मुलाने समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी पाणी पाहिलं होतं ते भाताच्या खाचरातलं.

मला आतलं दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पहिलं चित्र पडलं तेव्हा आत एकदम शांतता झाली. मग चाळीस पोरांचा एकत्र श्वास. असा श्वास माझ्या एकाही तक्त्याला मिळाला नव्हता. ती विचारत होती, पोरं ओरडून सांगत होती, होड्या, जाळी, मासे, मिठागरं. आणि मग परीक्षकांचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा: "वा!"

हात चुकला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. हात चुकला नव्हता. मी आरसा वळवला. झोत भोकावरून उतरला, कुडावरून घसरला आणि समोरच्या चिंचेच्या बुंध्यावर जाऊन पडला. आत समुद्र विझला. "आँ!" असा पोरांचा आवाज आला आणि मला गोड वाटलं. खोटं कशाला सांगू, फार गोड वाटलं.

मग तिचा आवाज आला, अगदी सावकाश. "गप बसा रं. रात झाली समुद्रावर. रातच्याला समुद्र दिसत नाय, ऐकू येतो. कसा येतो सांगू?" आणि ती तोंडाने लाटेचा आवाज काढू लागली. एक पोर तिच्यासोबत, मग दहा, मग सगळी. लाट येत होती, फुटत होती, मागे जात होती. बाहेर लख्ख उन्हात, हातात चुकार आरसा घेऊन मी बसले होते आणि भिंतीपलीकडे, जिथे मी अंधार केला होता, तिथे समुद्र वाजत होता. मी बिघडवायला गेले आणि पाठ आणखी चांगला झाला. किती वेळ गेला कोण जाणे. मी आरसा परत फिरवला. झोत भोकात शिरला तशी आत पोरं अशी ओरडली की चिंचेवरचे पक्षी उडाले.

पाठ संपल्यावर ती बाहेर आली. आरसा घेतला, पदराने पुसला, माझ्या हातात दिला.

"ढग आला व्हता काय गं?"

"हो," मी म्हणाले. "एक आला होता."

तिने वर पाहिलं नाही. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी वसतिगृहभर सांगत सुटले, की पाहा, एका पाठाने कशी फुगलीय.

ती पहिली आली. कर्जतची जागा तिला मिळाली. मला खालापूरकडची वाडी मिळाली, एक खोली, चार इयत्ता आणि वीज नाही. शनिवारी दुपारी निघून घरी यायचं, आईच्या उशाशी बसायचं, सोमवारी पहाटे परत. त्या खोलीत मी सात वर्षं काढली आणि कशाच्या जोरावर काढली असेल? त्याच आरशाच्या. पावसाळी अंधाऱ्या वर्गात जरा ऊन निघालं की मी तो दाराबाहेर लावून फळ्यावर उजेड पाडायची, भिंतीवर हातांच्या सावल्या नाचवून गोष्टी सांगायची. तपासणीला आलेले अधिकारी "कल्पक शिक्षिका" असा शेरा लिहून गेले. कल्पना कुणाची हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हणजे एकदा तिचा उजेड काढून घेतला आणि मग तिची युक्तीही.

तिची गाठ पडली ती जिल्ह्याचं नाव बदलल्यानंतर, कर्जतच्या एका शिक्षक शिबिरात. तोवर माझी बदली घराजवळ झाली होती, पण आई गेल्यानंतर. शिबिरात टेलिव्हिजन आणला होता. त्यावरचे शाळेचे कार्यक्रम वर्गात कसे वापरायचे ते शिकायचं होतं. पुन्हा एकदा आम्ही दोघी शेजारी शेजारी बाकावर, चाळिशीकडे झुकलेल्या, पुन्हा विद्यार्थिनी. प्रक्षेपणाच्या आड माथेरानचा डोंगर, त्यामुळे पडद्यावर नुसत्या मुंग्या. शिकवायला आलेले गृहस्थ घामाघूम झाले होते. त्या मुंग्यांकडे बघत, का कोण जाणे, मी बोलून गेले.

"त्या दिवशी ढग नव्हता."

"ठाव हाय मला," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "दाराच्या फटीतनं उनाची रेघ माज्या पायावर व्हती. ढग कसला!"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"आरसा तुज्याच हातात व्हता की. पाठ अर्धा बाकी." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "राग आला व्हता. लय. दोन दिस तोंड बघितलं नाय तुजं. पन सोताहून परत धरलास ना? मी हाकबी मारली नव्हती."

अधिकाऱ्यांच्या शेऱ्याचंही मी तिला सांगून टाकलं. "ते आईला सांगाया पायजे," ती म्हणाली, "परात तिची." तिने रागवावं, टोमणा मारावा, अशी माझी तयारी होती. मग फिटंफाट झाली असती. पण इतकी वर्षं सारं माहीत असून ते कुठे न बोलणं, हे मला या जन्मी जमलं नसतं. माझ्या पोटात तीच जुनी जळजळ उठली. यंत्राचा हेवा कधीच संपला होता. यंत्रं मलाही येऊ लागली होती. हा त्याहून वाईट होता.

तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, वर जाऊन कुणीतरी अँटेना फिरवायला हवी. पुरुष मंडळी एकमेकांकडे बघू लागली. ती उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "आता मी भायेर जाते. तू आत बसून सांग." ते गृहस्थ "अहो बाई, अहो बाई" करेपर्यंत ती शिडी चढून पत्र्यावर पोचलीसुद्धा.

डोक्यावर पत्रा वाजत होता. मुंग्या हलल्या, आडव्या रेघा झाल्या, पुन्हा मुंग्या. "आलं का गं?" वरून हाक. "नाही!" मी. पुन्हा खडखड, पुन्हा हाक. आणि मग एकदम चित्र आलं. स्वच्छ, स्थिर, एक बाई फळ्यापाशी उभी. सगळा वर्ग "अरे वा" म्हणाला आणि तो आवाज वर पोचणार नव्हता.

"आलं का गं?"

ती वर उन्हात, हात उंच करून उभी असणार. मी ओरडेपर्यंत ती हात काढणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले. एक श्वासभर असेल, जास्त नाही. मग जीव खाऊन ओरडले, "आलं गं, आलं! हलू नकोस!"

भिंतीवरचा कवडसा आता चौकटीपाशी आला आहे. समोरच्या बाई परात उचलतील आणि तो जाईल. आरसा अजून माझ्याकडे आहे. पारा कडेने उडालाय, त्यात तोंड धड दिसत नाही. ती कडावलाच असते, फोनवर अजून "काय गं" म्हणते, आणि मी अजून तिच्यावर जळते. पण तो एक श्वासभराचा उशीर मी तिला कधी सांगितलेला नाही. तिला तोही माहीत असणार.