डिंकभाऊंची तुळई

डिंकभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. तुळई किती वाकलीय ते डोळ्यांनी जोखायचे आणि मगच खुशाली विचारायचे. मी शेजारची, शाळेत शिकवून दमून आलेली. माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "तुजी तुळई दमलीय गो." मी म्हणायची, "भाऊ, मीपण दमलेय." मग हसून चहा मागायचे.

सुतारकाम वाडीत आणखीही काही जण करत, पण तुकडे जोडायचं वेड यांनाच. लोकांनी कौलारू घरं पाडून स्लॅब घातले, की भाऊ उरलेलं सागाचं, फणसाचं आखूड लाकूड गोळा करत. पट्ट्या काढायच्या, टोकं तिरकी तासायची, डिंक लावून एकावर एक थर बसवायचे. सांध्यावर सांधा मात्र येऊ द्यायचा नाही. "मोडना लांब ऱ्हायला. आदी वाकतंय किती ता बगायचा," हे ऐकून माझे कान किटले होते.

आमच्या बुद्धविहाराचं छप्पर नवं करायचं ठरलं, तेव्हा भाऊंनी प्रत्येक घरातून लाकडाचा तुकडा मागून आणला. सगळ्या वाडीची मिळून एक तुळई व्हावी, एवढीच हौस. डिंक नीट धरेपर्यंत थर आवळून धरणाऱ्या क्लॅम्पना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण मे महिना होता आणि गावी आलेल्या मुंबईकरांची रजा संपत आलेली. वाडीच्या मुंबई मंडळाच्या अध्यक्षांना त्याआधी उद्घाटन हवं होतं. "भाऊ, आमची तिकिटा काडलेली हायत," असं म्हणत त्यांनी क्लॅम्प सोडायला लावले. भाऊ एकदाच नको म्हणाले. भांडायला अंगात बळ उरलं नव्हतं.

तुळई वर चढवण्याआधी तिच्या मधोमध चिरे टांगून बघायची भाऊंची रीत. किती वाकते ते कळायला खाली दोरी ताणलेली. थोडेच चिरे लागले आणि खालच्या थराचा सांधा उघडला. "जोडलेला ता जोडलेलाच, तेला अखंडाची सर नाय," अध्यक्ष म्हणाले. घाईघाईने लोखंडी तुळई आणून बसवली, फीत कापली आणि मुंबईकर गेले.

भाऊंनी तुळई पडवीत आणून उघडलेला सांधा कापून काढला. पावसाळाभर लाकूड दमट, म्हणून दिवाळीपर्यंत थांबले आणि मग नव्याने जोडली. चिरे टांगायला मी होते. या वेळी ती दोरीला टेकलीसुद्धा नाही.

"आता कशाला एवढं, भाऊ? छप्पर तर झालं."

"छपराचा नाय गो. सगल्यांच्या घराचा लाकूड हाय त्यात. ता तुटका ठेवून कसा जाव?"

यंदा भाऊ गेले. पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावेनात, खुर्च्या संपल्या. पोरांनी ती तुळई उचलून आणली आणि चिऱ्यांवर आडवी ठेवली. माणसं तिच्यावर दाटीवाटीने बसली. मुंबईहून आलेले अध्यक्षही बसले. लाकडावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "बाई, सांधा खयसर हाय हिचा?"

मला बोट ठेवून दाखवता आला असता. पण दमले होते, आणि रडू येत होतं.

"बसा निवांत," मी म्हटलं. "आता नाही उघडायचा तो."