मौजे मोंफ्लोरी, तालुका तलासरी

श्यामकांत चुरी डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. चिकूच्या पेट्या, माशांच्या टोपल्या, कोंबड्यांचे पिंजरे, असलं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मी शेजारच्या तिकीट खिडकीत बसायचो आणि क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती, म्हणून ही हकीकत मला जवळून माहीत आहे.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत एक फ्रेंच नवराबायको दोन सायकली ढकलत पार्सल ऑफिसात आले. दमणकडून मुंबईला सायकलने निघाले होते, पण बाईंचा गुडघा सुजला, तेव्हा उरलेला रस्ता सायकली गाडीतून न्यायच्या होत्या. गाडीला दोन तास होते. चुरींनी चहा मागवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारपूस सुरू केली. आपल्या देशात हे दोघे दरवर्षी एका नदीच्या काठाकाठाने सायकलवरून फिरतात, असं कळलं. सपाट मुलूख. दहा दिवस. रोज वीसेक किलोमीटर.

चुरींनी विचारलं, काम काय असतं? काही नाही. देवदर्शन? नाही. नातेवाईक? नाही. मग शर्यत? त्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, उलट, सावकाश जायचं असतं.

निघताना त्यांनी त्या नदीचा नकाशा चुरींना भेट दिला. नदीकाठच्या आपल्या गावाभोवती, मोंफ्लोरीभोवती, लाल पेन्सिलीने गोल केला आणि मागच्या बाजूला पत्ता लिहिला.

संध्याकाळी चुरी नकाशा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बावीस वर्षं झाली, कुठून आणि कुठे हे लिहिल्याशिवाय मी साधी कोंबडी पुढे जाऊ दिलेली नाही. आणि ही माणसं नुसतीच निघतात."

आठवड्याभरात त्यांनी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'सायकलवरून सावकाश फिरणे.' आमचे साहेब भला माणूस. त्यांनी चुरींना बसवून घेतलं, घरी सगळं ठीक आहे ना विचारलं, आणि मेव्हण्याचं लग्न लिहा असं सुचवलं. मेव्हण्याचं लग्न होऊन दोन मुलं झालीत, असं चुरी म्हणाले. साहेब म्हणाले, रेल्वेला काय माहीत. चुरी ऐकेनात. शेवटी साहेबांनी स्वतःच कारण खोडून 'घरगुती' लिहिलं आणि सही केली.

वसुमतीबाई, म्हणजे चुरींची बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांनी नवऱ्याला दोन जोड कपडे, चादर आणि दशम्यांचा डबा बांधून दिला. एवढंच म्हणाल्या, "कुणी विचारलं तर खरं सांगा. खोटं तुमच्या लक्षात राहत नाही."

खरं सांगण्यानेच घोटाळा झाला. डहाणूहून बोर्डी म्हणजे सायकलने फार तर दीड तास. चुरींनी दोन दिवस लावले. घोलवडच्या अलीकडे ओळखीचे तिघे स्कूटर थांबवून विचारून गेले, पंक्चर झालंय का. कुठे निघालात, याचं उत्तर 'कुठेच नाही' असं मिळाल्यावर चौथ्याने जबरदस्तीने सायकल टेम्पोत चढवली आणि चुरींना डहाणूच्या नाक्यावर परत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा निघाले. तोवर चुरी घर सोडून चालले, अशी बातमी गावभर झाली होती. आमच्या क्वार्टर्समधल्या बायका वसुमतीबाईंचं सांत्वन करायला आल्या. डबा मीच बांधून दिला, असं बाई सांगत होत्या, तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांना आणखीच जवळ घेतलं. माझी बायकोही त्यांत होती.

बोर्डीत चुरींनी एक रात्र काढली आणि पूर्वेकडे, तलासरीच्या रस्त्याला लागले. तिकडे कुणी ओळखीचं नव्हतं. पण तिकडे दुसराच प्रश्न उभा राहिला. अंगात पॅन्ट-शर्ट, डोळ्यांवर चष्मा, हातात नकाशा आणि घाई कसलीच नाही, असा माणूस त्या भागात फक्त सरकारी असायचा. एका पाड्यावर त्यांना मलेरियाचे समजून पाण्याची पिंपं दाखवली. पुढच्या पाड्यावर कोंबड्या लपवल्या. त्यांना कुठल्या खात्याचे समजले असावेत, ते चुरींना शेवटपर्यंत कळलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ते आंबेलपाड्याला पोचले. पंचवीसेक घरं, मधून ओढा. जानेवारीत ओढ्यात घोटाभर पाणी होतं, पण काठावरच्या झुडपांत माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर गवत अडकून वाळलेलं दिसत होतं. पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं आणि पाड्याचे दोन तुकडे होतात, हे लाहूने सांगितलं. लाहू पाड्यातला जुना माणूस. त्याने खाट टाकली, पाणी दिलं आणि साकवाचं काय झालं, असं विचारलं. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल. आठ वर्षं हे लोक तो मागत होते.

चुरी म्हणाले, मी साहेब नाही. लाहूने मान डोलावली. याआधी आलेले सगळे साहेबही, हे माझ्याकडे नाही, असंच म्हणाले होते.

मग चुरींनी खरं सिद्ध करायला नकाशा उघडला. ही परदेशातली नदी आहे, इथली नाही, बघा. माणसं जमली. लाहूने निळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि आपली नदी अशी वळत नाही, हे मान्य केलं. पण त्याची सून शुक्री खाली वाकून वेगळंच बघत होती. निळ्या रेघेला आडव्या जाणाऱ्या काळ्या खुणा काय, असं तिने विचारलं. चुरी म्हणाले, पूल. तिने मोजले. मोंफ्लोरीच्या आसपास, वीतभर नदीवर, अकरा निघाले.

शुक्रीने वर बघितलं. पाड्यावर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. ती म्हणाली, "साहेब, त्यांच्याकडं अकरा हायेत. त्यांतला एक इकडं पाठवायला सांग ना तू."

बावीस वर्षांत खिडकीवर आलेलं पार्सल त्यांनी नाकारलं नव्हतं. त्यांनी वही काढली आणि साकवाचा अर्ज लिहून दिला, लिहिणारा म्हणून आपलं नाव-पत्ताही घातला. खाली पंधरा अंगठे आणि लाहूच्या शेजारच्या हाल्याची सही, कारण हाल्या चौथी शिकला होता. पाड्याने त्यांना दोन दिवस सोडलं नाही. सावकाश फिरायला आलाय ना, मग घाई कसली, असं लाहूचं म्हणणं होतं.

अर्ज घेऊन चुरी तालुक्याच्या गावी एका कचेरीत गेले. कुठल्या, ते सांगून उपयोग नाही. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा केला आणि नकाशा जोडलेला नाही म्हणून परत दिला. नकाशाशिवाय अर्ज घेता येत नाही. चुरी स्वतः कारकून, त्यांना हे पटलं. पाड्याचा नकाशा कुठे मिळेल, असं त्यांनी विचारलं, तर तो अर्ज मंजूर झाल्यावर काढतात असं कळलं. एवढ्यात कारकुनाची नजर चुरींच्या पिशवीतून डोकावणाऱ्या घडीवर गेली. हा काय, आहे की नकाशा, म्हणत त्याने तो ओढला, अर्जाला टाचला आणि शिक्का मारला. ही नदी इथली नाही, हे चुरींनी दोनदा सांगितलं. कारकून म्हणाला, नकाशा जोडला की नाही एवढंच बघायचं असतं, कसला ते वरचे बघतील.

नंतर विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन, चारोटीला वडापाव खाऊन, चुरी दहाव्या दिवशी घरी परतले. फ्रेंच मंडळींना पत्र लिहावं असं त्यांच्या फार मनात होतं, पण पत्ता नकाशामागे आणि नकाशा फाईलमध्ये.

जवळजवळ पाच वर्षं काही झालं नाही. एक्याण्णवच्या डिसेंबरात शैलेश नावाचा एक तरुण इंजिनीअर मोटारसायकलवरून आमच्या स्टेशनात आला. घामाघूम. मौजे मोंफ्लोरी, तालुका तलासरी, येथे साकव मंजूर झाला होता, मार्चअखेरच्या आत बांधायचा होता आणि त्याला ते गाव सापडत नव्हतं. तलाठ्यांच्या यादीत नाही, मतदार यादीत नाही. मंजुरीच्या कागदावर अर्जदार म्हणून चुरींचं नाव-पत्ता होता म्हणून तो इथे आला. गाव कुठे आहे, असं त्याने विचारलं.

"फ्रान्समध्ये," चुरी म्हणाले.

शैलेश पेट्यांवर बसला. चुरींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. वरच्यांनी गावाचं नाव नकाशावरच्या लाल गोलातून उचललं होतं. तो शहाणा मुलगा होता. म्हणाला, नाव दुरुस्त करायला फाईल वर पाठवली तर ती परत येईपर्यंत मी रिटायर होईन. त्यापेक्षा गावानेच नाव बदललं तर?

त्या रविवारी आंबेलपाड्यावर बैठक झाली. चुरी आणि मी शैलेशबरोबर गेलो. लाहूला नाव बदलायचं नव्हतं, आजोबापणजोबांचं नाव होतं. हाल्याचं म्हणणं, कागदावर बदलू. बराच वेळ कुणीच हटेना. शेवटी शुक्री म्हणाली, "नाव साकवाला द्या. त्याला कुठं घर हाय."

साकव मार्चमध्ये उभा राहिला, वर 'मौजे मोंफ्लोरी' अशी पाटी लावून. फक्त त्याची लांबी नकाशावरच्या नदीच्या पात्रावरून काढलेली होती, आणि मंजूर लांबीपेक्षा कमी बांधायचा अधिकार शैलेशला नव्हता. ओढा नऊ मीटरचा. साकव एकेचाळीस मीटरचा. तो हाल्याच्या शेतात सुरू व्हायचा, ओढा कधीच मागे पडायचा, आणि जानी म्हातारीच्या अंगणात, तिच्या तुळशीपाशी उतरायचा. जानीने पहिल्या दिवशी कुरकुर केली. मग कोरड्यावरच्या भागात लोक भात वाळवायला लागले, तेव्हा राखणीला तीच बसायला लागली. पावसाळ्यात ओढा फुगून तीस मीटर झाला, तेव्हा इतर सगळीकडचे साकव पाण्याखाली गेले आणि हा राहिला. पुढे शेजारच्या दोन पाड्यांनीही चुरींना निरोप पाठवला की तुमच्याकडे आणखी नकाशे असतील तर द्या.

चुरी मात्र महिनाभर धास्तावलेले होते. आपण सरकारला फसवलं, असं त्यांना वाटायचं. एकदा तर कबुलीचा अर्ज लिहून साहेबांकडे गेले. साहेबांनी तो वाचला आणि नकाशा जोडलेला नाही म्हणून परत दिला.

दरवर्षी रजा मात्र ते घेत राहिले. सत्त्याण्णव साली वसुमतीबाई निवृत्त झाल्या आणि मलाही यायचंय म्हणाल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी बोर्डीच्या कडक वाळूवर त्या सायकल शिकल्या. तीन वेळा पडल्या, चौथ्यांदा सुटल्या. पण त्यांना सावकाश चालवता येईना. हळू केली की तोल जायचा. त्यामुळे पहिल्याच सहलीला त्या घोलवडच्या पुढे दिसेनाशा झाल्या. चुरी दुपारी बोर्डीला पोचले, तेव्हा बाई एका ओळखीच्या शिक्षिकेच्या ओट्यावर जेवून, वर्तमानपत्र वाचून, झोप काढून बसल्या होत्या. चुरींनी सायकल भिंतीला टेकवली. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, उद्या तलासरीला किती वाजता पोचणार, म्हणजे मी तुमचं जेवण झाकून ठेवायला सांगते.