गयाबाईंची ढोली

आज शेजारच्या गयाबाईंची ढोली कापावी लागली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. त्यांच्या नवऱ्याने ती घरातच विणली होती, त्यामुळे दारातून निघेना.

बाईंना आता चालवत नाही, घरातच संडास हवा. पण घर जुन्या, संरक्षित देवळालगत. बाहेर बांधायला परवानगी नाही, दाराची जुनी नक्षीची चौकट काढायलाही नाही. जागा उरली ती ढोलीची.

मिस्त्री कोयता घेऊन नुसताच उभा राहिला. गयाबाईच म्हणाल्या,

"काप ना भाऊ, काऊन पाहून राह्यला? बुढा असता तं त्यानंच कापली असती."

कापून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "आजच चुलीत नका घालू."

चौकट जुनी म्हणून वाचली, ढोली मात्र गेली. तुमच्या घरात बदल करताना काय गेलं?