ओट्यावर बसणारा माणूस

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच विसरलो. गोरेगावचं प्रकरण मात्र इतक्या वर्षांनीही डोक्यातून जात नाही. त्यात ना रक्त होतं, ना मुद्देमाल. एक म्हातारा होता, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा मी होतो.

संस्थानाची ती अखेरची वर्षं. मी पोलिसात जमादार होतो. त्याच सुमारास वरून नवा हुकूम आला होता. नुसत्या संशयावरून कोणालाही अटकेत ठेवता येई, कोर्टापुढे नेण्याची गरज नव्हती. आमच्या ठाण्याचे मुख्य अधिकारी म्हणजे अमीनसाहेब. त्यांची सही पुरे होती. टपालातली पत्रं फोडून वाचली जात. कोण कोणाकडे गेलं, किती वेळ बसलं, याचा अहवाल रोज जाई. हा हुकूम आला तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो. साक्षीदार जमवा, पंचनामे करा, ही सगळी कटकट वाचली.

संस्थानातल्या गोरेगाव या खेड्यात एक निवृत्त शाळामास्तर एकटेच राहत. कुठल्याशा सभेत ते सरकारविरुद्ध बोलले होते. त्यांच्यावर साध्या कपड्यांत नजर ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. मामाची शेती बघायला आलोय, असं सांगून मी त्यांच्या समोरचीच खोली घेतली.

पहिल्या आठवड्यात मास्तरांकडे जे जे आले, त्यांची नावं मी इमानेइतबारे लिहून पाठवली. प्रत्येकाला ठाण्यातून बोलावणं गेलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्याकडे येणंजाणंच बंद झालं. न्हावीसुद्धा फिरकेना, मास्तरांची दाढी वाढत चालली. म्हणजे काम फत्ते झालं म्हणायचं! पण मग माझाही दिवस सरता सरेना. परक्या गावात माझ्याशी तरी कोण बोलणार?

एके दिवशी मास्तरांनीच हाक मारली, "अहो जमादार, उन्हात काहून उभे हायेत? ओट्यावर येऊन बसा. इथून मी तुमाला जास्त चांगला दिसन."

मी चपापलो. "मी कशाचा जमादार? मी शेतकरी माणूस."

"असाल, असाल. चपला नव्या हायेत तुमच्या, पन चाल बुटाची हाय."

मला हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसू लागलो. चंचीतून पान काढून त्यांना लावून देई. ते आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या खोड्या सांगत. माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती. ते दुःख मी भावालाही कधी धड सांगितलं नव्हतं, ते मास्तरांना सांगितलं. ते उठून पाणी घेऊन आले. खोलीवर परतलो की मी अहवाल लिही : आज भेटीस कोणी आले नाही. मी स्वतःला त्यात धरतच नव्हतो.

मला ठाऊक नव्हतं की जिल्ह्यावरून मास्तरांवर आणखी एक गुप्त माणूस नेमलेला होता. तेव्हाची पद्धतच तशी होती. पहारा दुहेरी, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. दोघांनी संगनमत करू नये म्हणून ही खबरदारी.

एक दिवस मला ठाण्यात बोलावलं. अमीनसाहेबांनी दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले. माझा म्हणत होता, कोणी येत नाही. दुसरा म्हणत होता, रोज संध्याकाळी एक अनोळखी इसम येतो, मध्यम बांध्याचा, डोक्याला पटका, चंचीतून पान लावून देतो, हळू आवाजात बोलतो. साहेबांनी निष्कर्ष काढला की जमादाराच्या डोळ्यांत धूळ फेकणारा हा इसम भूमिगतांचा कोणी बडा पुढारी असणार. माझी चंची त्या क्षणी माझ्या कमरेलाच होती.

मास्तरांना आणलं. जबाब लिहून घ्यायला मलाच बसवलं.

"शाम को कौन आता था?" साहेबांनी विचारलं.

"येत होता एक माणूस," मास्तर म्हणाले.

"नाम?"

"नाव म्हाईत हाय. पन मी सांगणार न्हाई."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. साहेब माझ्याकडे वळले, "जमादार, तुमने किसी को नहीं देखा?"

"नहीं साब," मी म्हणालो.

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी साहेबांनी सही केली आणि मास्तरांची तुरुंगात रवानगी झाली. कोर्ट असतं तर तो दुसरा पहारेकरी साक्षीला उभा राहिला असता, त्यानं मला ओळखलं असतं, आणि सगळा खेळ हास्यास्पद ठरला असता. पण विचारणारंच कोणी उरलं नव्हतं. सरकारच्या हाती अमर्याद सत्ता आली की ते सगळं पाहतं. त्याला उलटून प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. मी दहा ओळींत खरं सांगू शकलो असतो. नोकरी गेली असती, दुसरं काय?

संस्थान विलीन झालं, तुरुंग उघडले. मी गोरेगावला गेलो. मास्तर फार वाळले होते. त्यांनी माझ्यासाठी सरकून जागा केली. मला बसवेना. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मला वाचवलंत. हे उपकार..."

त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"वाचवायचं कुठून आलं त्यात? तुमी तिथंच बसले होते. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हनून मी तीन दिवस तुमची वाट पाहून राहिलो होतो."