भागीबाईचा अंगठा

पाथर्डी फाट्याकडच्या बिल्डिंगांना बोअरचं पाणी. शिंतोडा वाळला की काचेवर पांढरा डाग बसलाच. खिडक्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यागत दिसायच्या. ते डाग काढणं हा भागीबाईचा धंदा. दिंडोरीकडून आली तेव्हा चिंचेच्या कोळानं काढायची, तांब्याचा हंडा घासावा तसं. पण चिंचेला वेळ लागतो, आन् फ्लॅटवाल्यांना कुठला धीर! मग हातात ॲसिड आलं. हातमोज्यात बोटं चालत नायत म्हणून उघड्या हातानंच. दहा वर्षं.

चैतापासून रेशनच्या मशिनीनं तिचा अंगठा घ्यायचं सोडलं.

"मावशी, रेघाच नाय राहिल्या," दुकानदार वाल्मीक म्हणला. "मोबाइलवर आकडा येतो, तो सांग."

कार्डाला जोडलेला नंबर बाळ्याचा. एकुलता पोरगा. दोन वर्षांमागं ट्रकनं नेला, नंबरबी बंद पडला.

"मग पंधरा दिस ॲसिडला शिवू नको. खोबरेल लाव, चामडी परत येती. तीस तारखेला ये. त्या दिशी अंगठा नाय आला तर कार्ड बंद."

चौदा दिस भागीबाईनं चिंचच घासली. दोन घरं सुटली, तरी घासली. अंगठ्यावर बारीक रेघा दिसाय लागल्या.

एकोणतीसला फ्लॅटवाल्या पल्लवीताईंचा फोन. "मावशी, उद्या पोरीला बघायला येतायत. खिडक्यांकडं बघवत नाही हो!"

नाय कसं म्हणावं? बाळ्याला रस्त्यावरून दवाखान्यात नेलं ते याच बाईच्या गाडीत. सीटला लागलेलं रक्त तिनं कधी बोलून दाखवलं नाय.

दुपारपर्यंत चिंचेनं तीनच काचा निघाल्या. पाच राहिल्या. भागीबाईनं मोजे चढवले, बाटली उघडली. पण कोपऱ्यातला डाग मोज्याला गावंना. तिनं दोन्ही हातांतले मोजे काढले.

सांजच्याला काचा अशा लख्ख, की पल्लवीताई म्हणल्या, "काच आहे की नाही तेच कळत नाही!"

दुसऱ्या दिशी वाल्मीकनं दहाही बोटं लावून बघितली.

"नाय येत, मावशी."

"आरं, मी उभी हाय की तुझ्यासमोर."

"मला दिसती गं. मशिनीला दिसाया पायजे."

मागची रांग खाकरली. मशिनीच्या काचेवर तिच्या बोटांचा तेलकट डाग राहिला होता. भागीबाईनं सवयीनं तो पदरानं पुसला, रिकाम्या पिशवीची घडी घातली आन् बाजूला झाली.