कडानी लेक

खांडबाऱ्याजवळच्या खडीच्या खाणीवर मी हजेरी लिहीत असे, त्या चौतीस सालची ही गोष्ट. मराठी सातवी पास असल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूला एकच खरं नाव असतं आणि ते पुस्तकात असतं, अशी माझी खात्री होती.

होळ्या हा खाणीवर सुरुंगाची भोकं पाडणारा. स्वतः वळलेला अंबाडीचा दोर कमरेला बांधून तो कड्यावर लोंबकळे आणि पहारीनं दगड पोखरे. पन्नाशीचा, काटकुळा, रागीट. होळीच्या दिवशी जन्मला म्हणून होळ्या; ती आग विझवायची राहून गेली असावी, असं माझं मत.

चैत्रात रेवजी मुकादमानं वरच्या कड्याला सुरुंग लावायचा हुकूम दिला. होळ्या चढला आणि एकही भोक न पाडता खाली आला.

"पिल्लं शेतस. पंधरा दिन थांबा."

कड्याच्या कपारीत वाटीएवढी चिखलाची घरटी होती. दरसाल ते करडे पक्षी तिथंच येत. होळ्याच्या घरी त्यांना 'कडानी लेक' म्हणत, म्हणजे कड्याची मुलगी. माहेरी बाळंतपणाला येते, पिल्लं उडाली की निघून जाते.

"साहेबले कागद लिख, मास्तर," तो मला म्हणाला. "लेकी बायतपणले येल शेतस, असं लिख. अशी लेकले कोनी घरबाहेर काढस का?"

साहेबाला असलं कसं लिहायचं? मी लिहिलं, 'सदर कड्यात पाकोळी नामक पक्ष्यांची काही घरटी आहेत, तरी काम पंधरा दिवस तहकूब करावे.' 'नामक' आणि 'तहकूब' एका वाक्यात बसल्याचा मला आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी कागद शेरा घेऊन परत आला. 'पाकोळ्या सर्वत्र आढळतात. काम चालू ठेवावे.'

होळ्यानं तो माझ्याकडून वाचून घेतला.

"पाकोळी कोन?"

"पुस्तकातलं नाव आहे, दादा. खरं नाव."

"खरं?" त्याच्या कपाळाची शीर फुगली. "तुन्ही बहीनले मी 'एक बाई' म्हनू? बाया काय, सगळीकडे ऱ्हातस, काढा तिले बाहेर. चाली का तुले?"

माझी बहीण त्याच महिन्यात शहाद्याला आईकडे बाळंतपणाला आली होती. होळ्याला ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

"नाटक पुरं कर," रेवजी म्हणाला. "भोकं पाड, नही ते उद्यापासून येऊ नको."

होळ्यानं कमरेचा दोर सोडून खांद्यावर टाकला.

"दोर ठेवी जा."

"दोर मन्हा शे. तू तुन्हा वळ."

रेवजीनं कोठारातला नवाकोरा काथ्याचा दोर आणवला. त्याला कोणी हात लावेना. दुसऱ्यानं वळलेल्या दोरावर खाणीतला माणूस लटकत नसे. शेवटी रेवजीनं शिव्या घालून चैत्या नावाच्या मजुराला तयार केलं. पण चैत्यानं आधी अंबाडी पाण्यात भिजत घातली. रेवजी रोज डबक्यापाशी जाऊन ओरडायचा, आणि अंबाडी आपल्या गतीनं भिजायची. मग सोलणं, मग वळणं. सोळा दिवस गेले.

सतराव्या दिवशी चैत्या कड्यावर चढला. खाली होळ्या येऊन उभा होता, खांद्यावर दोर तसाच.

"घरटी रिकामी शेतस, काका," वरून चैत्या म्हणाला. "उडी गयात."

होळ्या रेवजीकडे गेला. "लेकी गयात. आते मी पाडस भोकं."

"तुन्ही जागा भराई गई," रेवजी म्हणाला, त्याच्याकडे न बघता.

होळ्या मागे फिरला. माझ्याकडे आला. "तो कागद आन. ते नाव खोड."

मी 'पाकोळी' खोडून वर 'कडानी लेक' लिहिलं.

"वाच."

मी वाचलं.

"त्याले ऐकू जाई असं वाच."

रेवजी दहा हातांवर पाठमोरा उभा होता. मी मोठ्यानं वाचलं. वर चैत्याच्या पहारीचा पहिला ठोका पडला.

"आखो एकदा वाच," होळ्या म्हणाला.